किल्ली देण्याआधी ते काय बघतात

परदेशात भाड्याची गाडी घ्यायची तर तीन जणांचं समाधान करावं लागतं: तिथल्या पोलिसाचं, गाडी देणाऱ्याचं आणि विमा कंपनीचं. तिघांचे नियम सारखे नसतात. आपण मात्र 'तिकडं आपलं लायसन चालतं का?' एवढंच विचारतो. चालतं, असं कुणी सांगितलं की बॅगा भरायला लागतो. आमचं घोडं दुसऱ्यापाशी अडलं.

मुलगी पर्थला असते. मी, मंडळी आणि मेहुणा असे तिघे तिच्याकडे गेलो होतो. पर्थच्या उत्तरेला सव्वाचारशे किलोमीटरवर जेरल्टन आहे आणि तिथून आणखी आत, मर्चिसनच्या माळावर, एसकेए नावाची रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. खोडदच्या माणसाला तिचं अप्रूप असणारच. आमच्या शिवारात आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्थाच एसकेएच्या भारतातल्या कामात पुढे आहे, आणि २०२४ च्या जानेवारीत केंद्राने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्या दुर्बिणीला तबकडी एकही नाही. माणसापेक्षा थोडे उंच, नाताळच्या झाडासारखे दिसणारे एक लाखाच्या वर अँटेना तिथे जमिनीत रोवायचे आहेत. आत मनाला येईल तेव्हा जाता येत नाही, मोबाईलचासुद्धा उपद्रव नको असतो, हे खोडदकरांना कुणी सांगायला नको. तरी जेरल्टनपर्यंत जाऊन यावं, असं ठरलं.

क्रेडिट कार्ड मेहुण्याकडे, म्हणून बुकिंग त्याच्या नावावर. चालवायचं दोघांनी आळीपाळीने. काउंटरवरच्या मुलीने चार वस्तू मागितल्या: पासपोर्ट, लायसनचं कार्ड, आंतरराष्ट्रीय परमिट आणि क्रेडिट कार्ड. मेहुण्याने पासपोर्ट दिला, आरटीओने दिलेलं परमिटचं पुस्तक दिलं, क्रेडिट कार्ड दिलं आणि लायसनसाठी मोबाईल काढून डिजिलॉकर उघडलं. तिने मान हलवली. कार्ड पाहिजे. त्याने क्यूआर कोड दाखवला. तिने परमिटच्या पुस्तकावर बोट ठेवून शांतपणे सांगितलं की हे एकट्याने चालत नाही, मूळ लायसन सोबत असेल तरच याला अर्थ. मूळ लायसन खोडदला, पिकअपच्या कप्प्यात.

"दाजी, तुमचं द्या की," मेहुणा म्हणाला. माझ्याकडे कार्डही होतं, पुस्तकही होतं. पण माझ्या खिशात होतं ते बँकेचं डेबिट कार्ड. अनामत रक्कम अडकवून ठेवायला क्रेडिट कार्ड लागतं, आणि ते गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं असावं लागतं. म्हणजे क्रेडिट कार्डवाल्याकडे लायसन नाही आणि लायसनवाल्याकडे क्रेडिट कार्ड नाही. मागे रांग वाढली. बुकिंगचे पैसे गेले. शनिवारी माझ्या मुलीने तिच्या नावावर दुसरीकडून गाडी घेतली, मला जादा चालक म्हणून लिहून घेतलं, त्याचे वेगळे पैसे भरले, आणि मामा मागच्या सीटवर भाचीला रस्ता दाखवत बसला.

आपल्याकडे २०१८ पासून फोनमधलं लायसन पोलिसाला चालतं, त्यामुळे कार्ड बरोबर बाळगायची सवयच मोडली आहे. नारायणगावला टोमॅटो घेऊन जाणाऱ्या पोरांना विचारा, निम्म्यांना कार्ड कुठे ठेवलंय ते सांगता येणार नाही. ही मुभा आपल्या देशापुरती आहे. ज्यांचं लायसन जुन्या पुस्तकी काळातलं आहे त्यांचं काम आणखी लांबतं. त्यांची नोंद सारथी या लायसनच्या सरकारी संगणक प्रणालीत नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, मग स्मार्ट कार्ड, ते पोस्टाने घरी येणार, आणि त्यानंतर परमिट. तिकिटं काढली त्याच आठवड्यात हे सुरू करावं.

परमिटचं काम स्वतः होण्यासारखं आहे, एजंटाची गरज नाही. जुन्नर-आंबेगावचं पासिंग एमएच-१४, म्हणजे आपलं आरटीओ पिंपरी-चिंचवडचं. सारथीच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, नमुना ४-ए, सरकारी फी १,००० रुपये. पक्कं लायसन हवं, कच्च्यावर मिळत नाही. पासपोर्ट हवा. पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचा दाखला मागत. २०२१ च्या जानेवारीत केंद्राने ती अट काढली, कारण काही देशांचा व्हिसा उतरल्यावरच मिळतो. तरी व्हिसा हातात असेल तर प्रत जवळ ठेवायला काय जातं? २०२२ च्या ऑगस्टपासून देशभर या पुस्तकाचा नमुना एकच केला आहे आणि लायसनशी जोडणारा क्यूआर कोड त्यावर असतो.

पुस्तक हातात पडल्यावर तिथेच उभं राहून दोन गोष्टी वाचाव्यात. एक, नाव. आपल्याकडे लायसनवर कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी नुसती आद्याक्षरं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. परक्या माणसाला 'बबन' हे वडिलांचं नाव की आडनाव, हे कळायला मार्ग नाही. लायसन माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल, तर त्या बाईंनी आधी लायसनवरचं नाव बदलून घ्यावं. काउंटरवर लग्नाचा दाखला उलगडून सांगत बसण्यापेक्षा ते सोपं.

दुसरं, वर्ग. ए म्हणजे मोटारसायकल, बी म्हणजे साधी मोटार. लायसनवर जे आहे तेच पुस्तकात येतं. फुकेतला जाणारी आपली पोरं मोटारीचं लायसन दाखवून स्कूटर घेतात. दुकानदार देतोही, त्याला भाडं हवं असतं. पडल्यावर दवाखान्याचं बिल विमा कंपनीकडे जातं तेव्हा ती 'ए'समोर काय आहे ते बघते.

इंटरनेटवर 'आंतरराष्ट्रीय लायसन, तीन वर्षांचं, घरपोच' अशा जाहिराती दिसतात. आपल्या देशाचं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं असतं आणि ते एका वर्षापुरतंच मिळतं. वर्षाच्या आत मूळ लायसन संपलं तर परमिटही संपलं. म्हणून भारतीय लायसनवर तीन वर्षांचं कुणी देऊ लागला की ते रंगीत प्लास्टिक समजावं.

आता पोलिसाचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात फिरायला आलेल्याला इंग्रजी लायसनवर गाडी चालवता येते, परमिटची सक्ती कायद्याने नाही. आम्हाला परमिट लागलं ते गाडी देणाऱ्याच्या अटीमुळे. जपानचं उलटं आहे. तिथे १९४९ च्या करारातलंच पुस्तक लागतं. आपलं त्यातलं असल्यामुळे चालतं, पण नुसत्या भारतीय लायसनवर नाही. चीनमध्ये हे पुस्तक चालतच नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि त्यावर गाडी देणाऱ्याची मर्जी. बुकिंग करताना त्या शहरातल्या शाखेच्या अटी वाचाव्यात, कंपनीचं मोठं नाव बघून गप्प बसू नये. पंचविशीच्या आतल्या चालकाला बऱ्याच ठिकाणी जादा आकार असतो, काही ठिकाणी लायसन किमान वर्षभर जुनं लागतं.

विम्याचं कलम मात्र मी मुलीकडून शब्दन्‌शब्द वाचून घेतलं. आमच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला मनाई होती आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवायलाही. कारण कांगारू. आपल्याकडे संध्याकाळी उसातून बिबट्या रस्त्यावर येतो तसे तिथे कांगारू तिन्हीसांजेला आणि पहाटे डांबरीवर येतात. धडक झाली तर एक्सेस म्हणून ठरलेली मोठी रक्कम आधी आपल्या खिशातून जाते. अट मोडली असेल तर सगळंच. ही अट नसती तर जेरल्टनहून परतताना आम्ही रात्रीच निघालो असतो. मेहुण्याचा आग्रह तसाच होता. रस्ता सरळ, गर्दी नाही, ताशी ११० ची मुभा. मुलीने ऐकलं नाही. मुक्काम केला, उजाडल्यावर निघालो आणि रस्त्याच्या कडेला पडलेले कांगारू पाहिल्यावर मामाही गप्प झाला. जादा चालकाचं नाव करारात नसताना त्याने स्टिअरिंग धरलं तरी विमा जातो, हे त्याच पानावर होतं. 'पाच मिनिटं दे, हात बसलाय माझा' असं मामा दोनदा म्हणाला, दोन्ही वेळा नाही म्हटलं.

शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. परमिट पाहुण्यासाठी असतं. दुबईत राहण्याचा व्हिसा मिळाला की तिथलंच लायसन काढावं लागतं, परमिट दाखवून भागत नाही. इतर देशांतही मुदत ठरलेली असते, ती पोचल्या पोचल्या विचारावी. बाहेर असतानाच भारतीय परमिट संपलं तर नवीन काढायला गावी यायची गरज नाही. २०२१ च्या त्याच बदलाने भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो. तो अर्ज तिथून भारतात येतो आणि आपल्या आरटीओकडे पोचतो. म्हणून लायसनचा नंबर आणि जारी केलेल्या आरटीओचं नाव घरी कुणाकडे तरी लिहून ठेवलेलं बरं.