घाट चढण्याआधी गाव बघा

पोरांनो, नाणेघाटाला निघालात तर माझं एवढं ऐकून जा. पहाटे गाडीत बसायचं, वैशाखऱ्याजवळ बूट आवळायचे, गुहेत फोटो काढायचे आणि अंधाराच्या आत कल्याण गाठायचं, असं करू नका. हा घाट म्हणजे व्यापाराची वाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल इथून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याच्या मूर्ती कधीच फुटून गेल्या, नावं तेवढी शाबूत आहेत. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. हे सगळं नीट बघा. पण बाजार कसा बोलतो ते दगडात ऐकू येणार नाही.

त्यासाठी पौष पौर्णिमेला म्हशाला या. मुरबाड-कर्जत रस्त्यावरचं गाव, म्हसोबाची जत्रा. बैलांच्या दावणी लागतात, घोंगड्यांचे ढीग पडतात, विळे-कोयते मिळतात. शेतकरी वर्षाची खरेदी इथे करतो. बैलाचा सौदा चालतो तिथे लांब उभे राहा. दोघांचे हात रुमालाखाली असतात आणि भाव बोटांवर ठरतो. मध्ये बोलायचं नाही, ‘केवढ्याला दिला?’ विचारायचं नाही. घोंगडी घ्यायची तर घासाघीस जरूर करा, पण घ्यायची नसेल तर उगाच भाव पाडून चालू पडू नका.

जून-जुलैत आलात तर बांधावरून एकामागे एक चाला, आवणात, म्हणजे लावणीच्या खाचरात, पाय घालू नका. लावणी करणाऱ्या बायांकडे विचारल्याशिवाय मोबाईल रोखायचा नाही. उन्हाळ्यात शेतात राब भाजताना धूर दिसला की ‘जंगल जाळतात’ म्हणून ओरडू नका. पालापाचोळा, शेण, फांद्या जाळून भाताच्या रोपांची जागा तयार करतात, ते समजून घ्या.

जेवण घरात सांगा, आणि सकाळीच सांगा. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, पहिल्या पावसात शेवळं. शेवळाची भाजी काकडाची आंबट फळं घालून रांधलेलीच खा, नाहीतर घसा खाजतो. आमच्या बाया ती ओळखून आणतात, तुम्ही रानात स्वतः खुडायला जाऊ नका. पनीर मागू नका. निघताना पैसे हातावर ठेवा, घरची बाई ‘राहू द्या’ म्हणाली तरी ठेवा. पोरांना चॉकलेटं वाटू नका, त्यानं पोरं गाडीमागे धावायला शिकतात.

आणि पाणी. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतो. तानसा, मोडकसागर, भातसा, ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, बाया हंडे घेऊन लांबलांब चालतात. तेव्हा उन्हाळ्यात येताना प्यायचं पाणी घरून भरून आणा. पाड्यावर कुणी तांब्या पुढे केला तर तो नाकारू नका, आहे त्यातलं देतायत ते. दोन घोट प्या. हात-पाय धुवायला, बूट विसळायला मात्र मागू नका. विहिरीत पोहायचं तर मनातसुद्धा आणू नका.

शक्यतो एसटीनं या. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणारी गाडी धरा. बाजाराच्या पाट्या, कोंबड्या, शाळेची पोरं, दवाखान्यातून परतणारी म्हातारी, सगळे तिच्यात भेटतात. शेजारच्याला ‘राम राम’ म्हणा आणि यंदा भात कसं आहे ते विचारा. मग घाटाची वाट तोच तुम्हाला सांगेल, आणि कुठल्या वळणावर निसरडं आहे तेही.