आधी जाळी काढून बघा

थंडी सुरू होऊन घराघरांत हीट लागली की आमच्या न्यू जर्सीत एक फोन हमखास येतो. ‘आमची माणसं तुमच्याच भागात आहेत, अख्ख्या घराचे डक्ट ९९ डॉलरांत साफ करून देतो.’ नव्यानं घर घेतलेल्या आपल्या मंडळींना हा फोन मोलाचा वाटतो, कारण पुण्या-मुंबईत स्प्लिट एसी वापरलेल्या माणसाचा डक्टशी कधी संबंधच आलेला नसतो. इथं बेसमेंटमधली फर्नेस हवा तापवते, तिचा पंखा ती हवा भिंतींच्या आणि छताच्या आडून जाणाऱ्या पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडतो आणि मोठ्या जाळ्यांतून तीच हवा परत ओढून घेतो. उन्हाळ्यात एसीची गार हवाही याच वाटेनं फिरते. घरातला प्रत्येक श्वास त्या न दिसणाऱ्या नळ्यांतून आलेला असतो. तिथं बुरशी आहे असं कुणी सांगितलं, तर पोटात गोळा येणारच.

आमच्याकडे हेच झालं. एका हिवाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. रात्रभर कोरडा खोकला, सकाळी घसा धरलेला. तशात तो फोन आला, आणि निदान बघून तरी जाऊ देत म्हणून आम्ही माणसं बोलावली. दोघं आले. त्यांनी बेसमेंटकडे वळूनही पाहिलं नाही. थेट देवघराच्या वरच्या जाळीकडे बोट दाखवलं. जाळीच्या कडेनं छतावर काळपट पट्टे उमटले होते. ‘ब्लॅक मोल्ड’ म्हणाले. मग ९९ चा आकडा चौदाशेवर गेला: डक्टमध्ये औषध फवारावं लागेल, वरून सीलंटचा थर द्यावा लागेल, आणि आजच, कारण घरात वयस्कर बाई आहेत. त्यांच्या तोंडून ते ‘आजच’ आलं, तेव्हाच मी ठाम झाले. आधी लॅबचा रिपोर्ट, मग काम, असं सांगितलं. ‘रिपोर्ट येईपर्यंत आई आजारी पडतील,’ हे उत्तर मिळालं. मी त्यांना दार दाखवलं.

नुसत्या नजरेनं बुरशी ओळखता येत नाही, हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा डागावर दाबून उचलायचा आणि लॅबला पाठवायचा. खर्च साधारण ५० डॉलर. आमच्या रिपोर्टमध्ये बुरशीचा मागमूस नव्हता. होती ती काजळी आणि तेलकट धूळ. जाळी काढून टॉर्चच्या उजेडात बघितलं, तर आतला पत्रा धुळीच्या पातळ थराखाली चकचकत होता. डाग सगळा बाहेरच्या कडेला, जिथं हवेचा झोत छताला घासून जातो तिथं.

काजळी कुठली, याचं उत्तर घरातच होतं. देवघरात रोज निरांजन, उदबत्ती, कधी कापूर. बंद खिडक्यांच्या घरात तो धूर जाणार कुठं? शिवाय आमच्या शेगडीवरचा हूड धूर बाहेर टाकणारा नाही. जाळीतून गाळून तो पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारा. इथल्या कितीतरी घरांत असेच हूड आहेत. लाल तिखटाच्या फोडणीचा खकाणा आणि तळणाची वाफ परत ओढणाऱ्या जाळीतून फर्नेसपर्यंत जाते आणि घरभर फिरते. हे चालू राहिलं, तर चौदाशे काय, चार हजार डॉलर खर्चूनही पुढच्या वर्षी तेच डाग. सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनीच उदबत्ती बंद केली आणि निरांजनाची वात आखूड, बारीक केली. बारीक वातीला काजळी कमी धरते. आम्ही हूडला बाहेरपर्यंत पाइप काढून घेतला.

खोकल्याचं कारण निराळंच निघालं. डॉक्टरांनी घरातली हवा किती कोरडी आहे ते मोजायला सांगितलं. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी, आमच्याकडे काटा २० च्याही खाली. फर्नेसला जोडलेल्या ह्युमिडिफायरचं पॅड क्षारांनी दगडासारखं झालं होतं. ते बदललं आणि हळूहळू खोकला उतरला. त्या फवारणीचा मात्र खोकलेल्या छातीला त्रासच झाला असता.

अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, याबाबत स्पष्ट बोलते. डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं कधी सिद्ध झालेलं नाही. दरवर्षी नेमानं नव्हे, गरज पडली तरच करावं. थोडी धूळ प्रत्येक डक्टमध्ये असते, ती पत्र्याला चिकटून बसते आणि खोलीत येतेच असं नाही. ईपीए कुठल्याही डक्टवाल्याला प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे ‘ईपीए सर्टिफाइड’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय.

मग करायचं कधी? आत खरोखर वाढलेली बुरशी दिसली तर, उंदीर किंवा किडे शिरले असतील तर, किंवा इतका कचरा साठला असेल की जाळीतून कण उडून अंगावर येतात, तर. एडिसनमधल्या आमच्या एका स्नेह्यांच्या जुन्या घरात हीट सुरू झाली की कुबट वास यायचा. जाळी काढली तर आत उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेलं इन्सुलेशन. त्यांनी आधी उंदरांची भोकं बुजवली, मग डक्ट साफ करून घेतले. क्रम हाच हवा. बुरशी असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेक वेळा एसीच्या कॉइलखालचा तबकासारखा भाग तुंबलेला असतो. आतून अस्तर असलेला डक्ट भिजून बुरसला, तर तो साफ होत नाही, काढून नवाच बसवावा लागतो. घराचं काम काढलं असेल, ड्रायवॉल घासायचं असेल, तर हीट बंद ठेवून सगळ्या जाळ्या प्लॅस्टिकनं झाकून घ्या. ती बारीक पांढरी पूड एकदा आत गेली की मग साफ करण्यावाचून गत्यंतर नाही.

नीट काम स्वस्तात होत नाही. ईपीएच्या माहितीनुसार एका यंत्रणेला ४५० ते १,००० डॉलर पडतात, आणि त्यात फक्त नळ्या नाहीत. पंखा, कॉइल, तबक, सगळ्या जाळ्या आल्या. मोठ्या व्हॅक्यूमनं आत ओढ निर्माण करून, ब्रशनं कचरा सुटा करून तो बाहेर काढतात. त्यासाठी डक्टला पाडलेली भोकं परत घट्ट बंद करतात. घर जुनं असेल, तर डक्टवर ॲस्बेस्टॉस आहे का, हे तपासल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

एरवी पैसा घालायचा तो फिल्टरवर. तो वेळच्या वेळी बदला, चौकटीत फट राहू देऊ नका, आणि फर्नेसला पेलेल तेवढाच दाट घ्या. हवा अडली की पंख्यावर ताण येतो. शिवाय कपडे वाळवण्याच्या ड्रायरचा पाइप. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० घरांत आगी लागतात आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण साफसफाई न करणं हे आहे. माझ्या मते तो पाइप डक्टच्या आधी साफ व्हायला हवा.

तेव्हा आता तो फोन आला, तर एवढंच विचारा: पंखा आणि कॉइल साफ करणार का, बुरशी म्हणालात तर लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणार का, आणि हे सगळं लिहून देणार का? ‘आल्यावर सांगू’ असं उत्तर मिळालं, तर त्यांना घरी बोलावू नका.