गणपती पाण्यात विरघळतो, म्हणजे काय होतं?

प्रश्न : शाडूचा गणपती पिंपात सोडला की सकाळपर्यंत त्याचा गाळ होतो. प्लास्टरचा मात्र तसाच राहतो. म्हणजे शाडू पाण्यात विरघळते आणि प्लास्टर विरघळत नाही, असंच ना?
– एक वाचक, गागोदे बुद्रुक (ता. पेण)

उत्तर : दिसतं तसंच, पण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. शाडू विरघळत नाही. प्लास्टर विरघळतं, फक्त फारच थोडं.

आधी विरघळणं म्हणजे काय ते पाहू. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋणभारित असते, हायड्रोजनकडची किंचित धनभारित. पाण्यात मीठ पडलं की हे रेणू सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांना वेगवेगळं घेरतात आणि स्फटिकातून सोडवून नेतात. मग ते फडक्याने गाळून निघत नाहीत. लिटरभर पाण्यात असं सुमारे 360 ग्रॅम मीठ मावतं.

शाडूत यातलं काही घडत नाही. चिकणमातीचे अतिसूक्ष्म चपटे कण पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक बसलेले असतात. पाणी मध्ये शिरलं की ते सुटे होतात आणि तळाशी बसतात, इतकंच. कण तेच राहतात, म्हणून त्या गाळाची पुढच्या वर्षी पुन्हा मूर्ती होते. तुमच्याच गावी विनोबांचे आजोबा चंदन उगाळून गणपती करत, मुलंही उगाळायला बसत. तो गणपतीही पाण्यात असाच सुटा होत असणार. भाजलेली पणती मात्र सुटत नाही, कारण भट्टीच्या उष्णतेने मातीची अंतर्रचनाच बदललेली असते.

आता प्लास्टर. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की ही भुकटी मिळते. कालवताना आपण ते पाणी परत देतो. ते स्फटिकात बांधलं जातं, म्हणून साचा हाताला गरम लागतो, आणि सुईसारखे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात. मूर्ती खडखडीत वाळली तरी प्लास्टरच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतो! हे जिप्सम लिटरमागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटर पाणी तरी हवं, आणि तुमच्या पिंपात दोनशेच असेल. पाण्याची कुवत संपते, मूर्ती उरते.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने चांगली वाट काढली आहे. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं. कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं आणि अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीचं खत, पाण्यात राहतं. रंग मात्र विषारी नसावेत, ते कुठल्याही मूर्तीचे असोत.

विरघळणं आणि सुटं होणं यांतला हा फरक तुमच्या भातखाचरातही महत्त्वाचा आहे. मुळांना मातीचा कण शोषता येत नाही, लागतात ते पाण्यात विरघळलेले आयन. चिकणमातीचे कण ऋणभारित असल्याने पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम यांचे आयन स्वतःला धरून ठेवतात आणि पाण्यात थोडे थोडे सोडतात. माती मिठासारखी विरघळली असती, तर कोकणातल्या पावसाने ती कधीच खाडीला नेली असती.