उसाच्या फडातून वर आलेला हिवाळी खेळ
(डोमिनिकन बेसबॉलचा इतिहास : एक अभ्यास)



दर अंकात आम्ही या पानावर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण उसाला सोडून नाही. सातासमुद्रापलीकडे, कॅरिबियन समुद्रात डोमिनिकन प्रजासत्ताक नावाचा एक ऊसकरी देश आहे. तिथे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत बेसबॉल या खेळाचा व्यावसायिक हंगाम चालतो. आपल्याकडे गव्हाणीत मोळी पडते, त्याच सुमारास तिकडे पहिला चेंडू पडतो. हा खेळ तिथे रुजला तो बराचसा साखर कारखान्यांच्या आवारात. त्याचा इतिहास वाचताना साखरेचा भाव, मजुरी, बिगर हंगाम आणि मालकी हे आपल्या रोजच्या ओळखीचे शब्द पानोपानी भेटतात. म्हणून तो सभासदांपुढे ठेवीत आहोत.

देश आणि खेळ

हिस्पॅनिओला नावाच्या बेटाचा पूर्वेकडचा सुमारे दोन-तृतीयांश भाग म्हणजे हा देश. पश्चिमेला हैती. राजधानी सांतो दोमिंगो, भाषा स्पॅनिश, लोकवस्ती एक कोटीहून थोडी अधिक. कोलंबसाने १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत याच बेटावर ऊस आणला. अमेरिका खंडातली उसाची पहिली लागण ती हीच.

आता बेसबॉल म्हणजे काय? क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा ना. बॅट चपटी नसते, गोल असते, सोट्यासारखी. एका बाजूला नऊ गडी आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ डाव. गोलंदाज चेंडूचा टप्पा न पाडता तो सरळ फेकतो. फटका बसला की फलंदाज बॅट टाकून पळत सुटतो. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना पाय लावून तो घरच्या कोपऱ्यावर परतला, की एक धाव. चेंडू थेट कुंपणापार गेला तर 'होम रन', म्हणजे आपला षटकारच.

हा खेळ हिवाळ्यातच का? त्याचे कारण अमेरिकेत आहे. तिथल्या मोठ्या लीगचा मोसम वसंतात सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालतो. पुढे थंडी, आणि पूर्वी थंडीबरोबर खेळाडूंचा पगारही थांबे. कॅरिबियन बेटांवर मात्र डिसेंबरातही अंगात सदरा पुरतो. त्यामुळे अमेरिकेतले खेळाडू चार पैसे मिळवायला दक्षिणेला येत आणि बेटावरची पोरे त्यांच्या शेजारी खेळून शिकत. हिवाळी बेसबॉलचा पाया हा असा आहे.

कारखाना आला, खेळ आला

हा खेळ बेटावर आणला तो प्रामुख्याने क्यूबातल्या माणसांनी. १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षे क्यूबात स्पेनच्या सत्तेविरुद्ध युद्ध चालले. त्या धामधुमीत तिथले कित्येक मळेवाले देश सोडून शेजारच्या डोमिनिकन किनाऱ्यावर आले. येताना त्यांनी भांडवल आणले आणि वाफेवर चालणाऱ्या चरकांची विद्याही आणली. पूर्वेच्या सान पेद्रो दे माकोरिस या गावाभोवती एकामागून एक कारखाने उभे राहिले. पोर्वेनिर, आंगेलिना, कोन्सुएलो, सांता फे, किस्केया, क्रिस्तोबाल कोलोन ही त्यांतली नावे. क्यूबात बेसबॉल आधीच रुजलेला होता, तो या मंडळींबरोबर इकडे आला. इग्नासिओ आणि उबाल्दो अलोमा या क्यूबन भावांनी इथे सुरुवातीचे संघ बांधले, असे मानले जाते.

पण ऊस तोडायचा कोणी? इतक्या थोड्या मजुरीवर फडात उतरायला गावची माणसे नाखूश असत. म्हणून सेंट किट्स, नेव्हिस, अँटिग्वा अशा इंग्रज अंमलाखालच्या बेटांवरून मजूर आणले गेले. त्यांना तिकडे 'कोकोलो' म्हणत. हे लोक घरून क्रिकेट शिकून आलेले, बरं का. फटका मारणे, पळत जाऊन झेल घेणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. त्यांची मुले बेसबॉलकडे वळली आणि एका पिढीत तरबेज झाली. पुढे तोडणीसाठी मुख्यतः हैतीतून मजूर येऊ लागले.

फडालगतच्या मजूरवस्तीला तिकडे 'बातेय' म्हणतात आणि गळीत हंगामाला 'साफ्रा'. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून जूनच्या आसपासपर्यंत साफ्रा चाले. ती संपली की सुरू होई 'तिएम्पो मुएर्तो', म्हणजे शब्दशः 'मेलेला काळ'. काम नाही, मजुरी नाही, दुकानात उधारी. या रिकाम्या महिन्यांत कारखान्यांच्या मैदानांवर सामने रंगत. एका कारखान्याचा संघ दुसऱ्या कारखान्याच्या संघाशी भिडे. मैदान, कपडे, चेंडू हे पुष्कळदा कारखाना देई. रिकामी माणसे मजुरीसाठी वाद घालण्यापेक्षा खेळात रमलेली बरी, हाही हिशेब त्यामागे होताच. गरीब पोरांना बॅट-हातमोजे कुठले? दुधाच्या खोक्याचा हातमोजा आणि झाडाच्या फांदीची बॅट, यावर काम भागे.

गावाचे संघ आणि साखरेचा भाव

शहरांतून क्लब निघाले. सांतो दोमिंगोत १९०७ साली निळ्या कपड्यांचा 'लिसेइ' आणि १९२१ साली त्याला हरवण्याच्या जिद्दीने लाल कपड्यांचा 'एस्कोहिदो' निघाला. एस्कोहिदो म्हणजे 'निवडलेले'. उत्तरेकडच्या सांतियागो शहराचा संघ 'अगिलास', म्हणजे गरुड. आणि सान पेद्रोचा 'एस्त्रेयास ओरिएंतालेस', म्हणजे पूर्वेचे तारे.

सान पेद्रोची भरभराट साखरेवर होती आणि साखर जगाच्या बाजारावर. १९२० च्या मे महिन्यात साखरेचा भाव पौंडाला साडेबावीस सेंटांवर चढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चार सेंटांच्याही खाली कोसळला. सात महिन्यांत! भाव चढला तेव्हा गावात हवेल्या उठल्या. भाव पडला तेव्हा मालक हबकले आणि मजूर उपाशी राहिला. त्याच काळात, म्हणजे १९१६ ते १९२४, देश अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता. त्या सैनिकांच्या संघाला गावच्या पोरांनी हरवले, की लोकांना निवडणूक जिंकल्यासारखे वाटे.

हुकूमशहाचा संघ

१९३० साली राफाएल त्रुहियो हा सेनाधिकारी सत्तेवर आला. १९३६ मध्ये त्याने राजधानीलाच आपले नाव दिले. त्याच वर्षी अजिंक्यपद मात्र सान पेद्रोच्या ताऱ्यांनी नेले. १९३७ साली लिसेइ आणि एस्कोहिदो हे हाडवैरी एकत्र करून राजधानीच्या नावाचा एकच संघ उभा करण्यात आला आणि मग पैशाची उधळण सुरू झाली. त्या वेळी अमेरिकेत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या लीगमध्ये मज्जाव होता. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल हे त्यांतले नामांकित गडी बेटावर आणले गेले. नऊ खेळाडूंसाठी तीस हजार डॉलर आपल्या हाती दिले गेले, असे पेज यांनी पुढे सांगितले. सान पेद्रो आणि सांतियागो यांनीही चढाओढीने बाहेरचे गडी आणले. अजिंक्यपद राजधानीने जिंकले, पण खर्चाने सगळ्यांचे कंबरडे मोडले. त्यानंतर चौदा वर्षे देशात व्यावसायिक स्पर्धा झाली नाही. ऐपत न बघता केलेल्या खर्चाची गत सगळीकडे सारखीच असते.

हिवाळी हंगामाची घडी

१९५१ साली व्यावसायिक खेळ पुन्हा सुरू झाला, तोही आधी उन्हाळ्यात. १९५५ मध्ये राजधानीत दिव्यांच्या उजेडात खेळता येईल असे मोठे क्रीडांगण बांधले गेले. त्या वर्षापासून सामने हिवाळ्यात भरू लागले आणि अमेरिकन लीगशी रीतसर करार झाले. मधल्या काळात, १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी अमेरिकेत रंगभेदाची भिंत पाडली होती. १९५६ साली ओझी व्हर्जिल हे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळणारे पहिले डोमिनिकन ठरले. बेटावरच्या पोरांना दार उघडले.

राजकारणाचे तडाखे चुकले नाहीत. ३० मे १९६१ रोजी त्रुहियोची हत्या झाली आणि पुढचा मोसम अर्ध्यावर मोडला. १९६५ साली यादवी माजली, अमेरिकन फौजा पुन्हा उतरल्या, आणि त्या हिवाळ्यात स्पर्धाच झाली नाही. तरी घडी पुन्हा बसली. १९७० पासून पुन्हा सुरू झालेल्या कॅरिबियन मालिकेत या देशाचा विजेता संघ शेजारच्या देशांच्या विजेत्यांशी झुंजू लागला. आज लीगमध्ये सहा संघ आहेत.

साखर गावाचे पुत्र

सान पेद्रोने किती खेळाडू दिले म्हणाल? कोन्सुएलो कारखान्याच्या वस्तीतले रिको कार्टी यांनी १९७० साली अमेरिकेत दर हजारी ३६६ या सरासरीने फलंदाजीचे अव्वल स्थान मिळवले. त्यांचे वडील साखर कारखान्यात कामाला होते. सान पेद्रोचे जॉर्ज बेल १९८७ साली अमेरिकन लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. कोन्सुएलोचेच सॅमी सोसा यांनी लहानपणी बूटपॉलिश केले आणि १९९८ च्या एका मोसमात ६६ होम रन मारले.

खेळ वाढत होता तेव्हा साखर मात्र उतरणीला लागली होती. त्रुहियोने बळकावलेले कारखाने त्याच्यानंतर सरकारकडे आले आणि १९६६ साली त्यांच्यासाठी राज्य साखर मंडळ स्थापन झाले. १९८२ मध्ये अमेरिकेने साखरेच्या आयातीवर कोटा बसवला. १९८४ पर्यंत तिथल्या बड्या शीतपेय कंपन्या मक्याच्या पाकाकडे वळल्या. गिऱ्हाईकच आटले. सरकारी कारखाने तोट्यात रुतत गेले आणि १९९९ च्या सुमारास बरेचसे खाजगी कंपन्यांना भाड्याने दिले गेले. सान पेद्रोभोवतीच्या बहुतेक जुन्या धुराड्यांतून आज धूर निघत नाही.

शेजारच्या ला रोमाना गावी मोठा खाजगी कारखाना आजही चालू आहे. तिथला संघ १९८३ साली निघाला, त्याचे नावच 'आसुकारेरोस देल एस्ते', म्हणजे पूर्वेचे साखरकरी! याच नावाने १९९४-९५ च्या हंगामात त्यांनी अजिंक्यपद मिळवले. पुढे नाव बदलून 'तोरोस', म्हणजे बैल, झाले. फडातला ऊस ओढणाऱ्या बैलांच्या मुलखात ते नाव शोभतेही. पण याच ला रोमानाच्या साखरेवर २०२२ साली अमेरिकेने जबरदस्तीच्या मजुरीच्या कारणावरून आयातबंदी घातली होती. ती २०२५ मध्ये उठली. गोष्टीची ही बाजू लपवण्यात अर्थ नाही.

आता सान पेद्रोच्या ताऱ्यांची कथा ऐका. १९६७-६८ च्या हिवाळ्यात ते अजिंक्य ठरले आणि त्यानंतर हरतच राहिले. दोन-चार वर्षे नव्हे, तब्बल एक्कावन्न. या मुदतीत कारखान्यांचे मालक बदलले, गव्हाणी बंद पडल्या, निम्मा गाव पोटामागे बाहेर गेला. पण मैदानावर गर्दी व्हायची थांबली नाही. आजोबांनी नातवाला संघाचा हिरवा रंग दिला. अखेर जानेवारी २०१९ मध्ये याच ला रोमानाच्या बैलांना हरवून त्यांनी पुन्हा अजिंक्यपद आणले.

यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट पोरांची. आज अमेरिकेच्या तीसही क्लबांच्या प्रशिक्षण शाळा या देशात आहेत आणि सोळाव्या वर्षी मुलांशी करार होतात. मोठ्या लीगमध्ये मोसमाच्या पहिल्या दिवशी शंभराच्या आसपास डोमिनिकन खेळाडू असतात, ही मोठीच गोष्ट. पण करार झालेल्यांतले बहुतेक तिथवर पोचत नाहीत आणि शाळा तर आधीच सुटलेली असते. पक्व न झालेला ऊस तोडला तर उतारा मिळत नाही, हे आम्ही सभासदांना निराळे सांगायला नको. पोर खेळात पुढे जाऊ द्या, पण दप्तर हातचे सोडू देऊ नका.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि आमच्या मते तीच खरी. त्या मुलखातल्या ऊसतोड्याच्या मालकीचा कारखाना कधीच झाला नाही. आधी तो परदेशी मळेवाल्यांचा होता, मग हुकूमशहाचा, मग सरकारचा, मग कंपनीचा. कारखाना बंद पडताना त्याला कोणी विचारले नाही. संघाचा मात्र तो मनाने मालक होता. म्हणून एक्कावन्न वर्षे हरणारा संघ त्याने टाकला नाही आणि तो संघ टिकला.

आपल्याकडे कारखानाच आपल्या भागभांडवलावर उभा आहे. तिकडच्या माणसाला जे मिळाले नाही, ते आपल्या हातात शेअर सर्टिफिकेटच्या रूपाने आहे. पण तो कागद कपाटात ठेवून भागत नाही. एखाद्या साली उतारा घसरेल, भाव कमी बसेल, तोड लांबेल. अशा वेळी ऊस बाहेर नेण्याआधी आणि वार्षिक सभेला दांडी मारण्याआधी सान पेद्रोच्या गर्दीची आठवण करावी. सभेला यावे, हिशेब मागावा, चुकले तिथे खडसावून बोलावे. आपली म्हटलेली गोष्ट पडत्या काळातही माणूस सांभाळतो. कारखाना आपला आहे, हे कागदाबरोबर मनातही असू द्यावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी