डोक्यास मार लागलेलें मूल
शास्त्रपाठ : २ शमुवेल ४:४

योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पांच वर्षांचा असतां त्याची दाई त्यास उचलून घाईनें पळत होती. तेव्हां तो पडला व पायांनीं लंगडा झाला. त्याच्या पडण्याचा परिणाम सर्वांस दिसत होता. परंतु ज्या मुलाच्या डोक्यास मार लागतो त्याचें दुखणें पुष्कळदां आईबापांसहि दिसत नाहीं. म्हणून आजचा धडा त्याविषयीं आहे.

कवटीच्या आंत मेंदू मऊ असतो. मूल झाडावरून, ओट्यावरून किंवा मोटारसायकलवरून पडलें, तर तो आंतल्या आंत हिंदकळतो. ह्यासाठीं खोक पडली पाहिजे असें नाहीं; बेशुद्धीहि यावी लागत नाहीं, व बहुतेक मुलांस ती येतहि नाहीं. सीटी स्कॅनमध्यें कांहीं दिसलें नाहीं, एवढ्यावरून मूल ढोंग करितें असें समजूं नये. लक्षणें कधीं लागलींच, कधीं एकदोन दिवसांनीं दिसूं लागतात : डोकें दुखणें, घेरी, मळमळ, उजेड व आवाज न सोसणें, विसराळूपणा, सावकाश उत्तर देणें, चिडणें, उगीच रडणें, झोप फार येणें अथवा न येणें.

हें मी फार उशिरां शिकलों. आमच्या शब्बाथशाळेंतील एक मुलगा चिंचेवरून पडला होता. तिसऱ्या दिवशीं तो हिंडूंफिरूं लागला, व आम्ही सर्व तें पडणें विसरलों. पुढल्या रविवारीं भजनांत झांजा वाजूं लागतांच त्यानें कान झांकले. पाठ असलेलें वचन त्यास म्हणतां येईना. मीं त्यास बेपर्वा ठरवून बाहेर उन्हांत उभें केलें. इकडे त्याच्या आजीनें, पोरास कांहीं बाधलें म्हणून, लिंबू उतरविलें. तिच्या अज्ञानाबद्दल मीं तिला बराच उपदेश केला. माझें अज्ञान तिच्याहून लहान नव्हतें. शेवटीं दवाखान्यांतील परिचारिकेनें विचारलें, “हा कोठें पडला होता काय ?” तो प्रश्न आम्हां दोघांसहि सुचला नव्हता. मीं त्या मुलाची क्षमा मागितली.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, चांगलें मूल एकाएकीं मंद, रडवें किंवा तापट झालें, तर भूत आणि आळस ह्या दोहोंचेंहि नांव काढण्यापूर्वीं तोच प्रश्न विचारा.

डोक्यास मार लागलेलें मूल डॉक्टरांस दाखवावें. पुन्हां पुन्हां वांती होणें, डोकेंदुखी वाढत जाणें, झटके येणें, बोलणें अडखळणें, हातापायांतील शक्ति जाणें, एक बाहुली दुसरीपेक्षां मोठी दिसणें, कानांतून किंवा नाकांतून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणें, हांक मारून जाग न येणें, तान्ह्या मुलानें दूध न घेणें, ह्यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास क्षणाचाहि विलंब करूं नये. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रार्थना वाटेंतहि करितां येते.

असें चिन्ह नसून डॉक्टरांनीं पाहिलें असेल, तर मुलास झोपूं द्यावें. रात्रभर जागें ठेवावें, हा जुना समज मुलास छळतो मात्र. पहिले एकदोन दिवस विसांवा द्यावा व मोबाईल फारसा देऊं नये. पण पुढें आठवडेंच्या आठवडे अंधाऱ्या खोलींत निजवूनहि ठेवूं नये. थोडें चालणें, थोडा अभ्यास, त्रास वाढला तर थांबणें, असा क्रम ठेवावा. ॲस्पिरिन मुलांस मुळींच देऊं नये.

बहुतेक मुलें सुमारें चार आठवड्यांत बरीं होतात. कांहींस अधिक काळ लागतो, त्यांस पुन्हां डॉक्टरांकडे न्यावें. शाळेंत गुरुजींस आधीं सांगून ठेवावें, म्हणजे फळ्यावरचें उतरविण्यास उशीर झाला तर शिक्षा होणार नाहीं. अभ्यास पूर्ववत् झाल्यावर खेळाचा विचार करावा. कबड्डी, क्रिकेट व झाडावर चढणें डॉक्टरांच्या परवानगीवांचून नको. मेंदू सांवरला नसतां दुसरा मार बसला, तर तो पहिल्याहून फार घातक होऊं शकतो.