सौम्य उष्णतेचा सराव आणि उष्माप्रथिने

टोमॅटोची रोपे लावणाऱ्या शेतकऱ्यास एक अनुभव नेहमी येतो. शेडनेटच्या सावलीत, रोज भरपूर पाणी देऊन वाढविलेली रोपे वाफ्यात मोठी टवटवीत दिसतात. परंतु फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात शेतात लावताच दुसऱ्या दिवशी माना टाकतात. ज्या रोपांचे पाणी लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस हळूहळू कमी केलेले असते आणि ज्यांना थोडेथोडे ऊन दाखविलेले असते, ती दिसावयास किंचित खुरटी असली तरी शेतात तग धरतात. असाच फरक माणसांतही दिसतो. चैत्रापासून शेतात राबणारा मजूर वैशाखातील ऊन सोसतो. पण पुण्या-मुंबईस कचेरीत बसून काम करणारा त्याचाच भाऊ सुटीत गावी येऊन पहिल्याच दिवशी पऱ्हाट्या उपटावयास गेला, तर दुपारपर्यंत आडवा होतो.

सवयीने कणखरपणा येतो, हे शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. मात्र तो कशामुळे येतो, किती काळ टिकतो आणि कोठे मुळीच उपयोगी पडत नाही, हे समजून घेतल्यास रोपे, कोंबड्या, जनावरे आणि मुख्य म्हणजे माणसे यांची पुष्कळशी हानी टाळता येते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

प्रथिने आणि उष्णता

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते व पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ही साखळी विशिष्ट रीतीने दुमडली गेली तरच ते प्रथिन कामाचे ठरते. उष्णता मर्यादेबाहेर वाढली की हे दुमडणे सुटते आणि सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून त्यांच्या गाठी बनतात. अंडे उकडले असता पातळ बलक व पांढरा भाग घट्ट होतो, तो याच कारणाने. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे करता येत नाही. जिवंत पेशीत असे घडू लागले की पेशी मरू लागते.

परंतु पेशी ही काही निमूटपणे उकडून घेणारी वस्तू नव्हे. तिच्याजवळ मदतनीस प्रथिने असतात. लग्नानंतर नवी सून सासरी जाते तेव्हा तिच्यासमवेत पाठराखीण जाते. सून घरात रुळेपर्यंत तिला सांभाळणे, भलत्या ठिकाणी ती अडखळू न देणे, हे तिचे काम. पेशीतील मदतनीस प्रथिने नेमके हेच करतात. सुटू लागलेल्या साखळीस ती धरून ठेवतात, दुसरीत गुंतू देत नाहीत आणि पुन्हा योग्य रीतीने दुमडण्यास साहाय्य करतात. जे प्रथिन सुधारण्यापलीकडे गेले असेल ते मोडीत काढण्याच्या कामीही त्यांचा हातभार लागतो. उष्णता वाढली की पेशी ही प्रथिने मोठ्या प्रमाणावर तयार करते, म्हणून त्यांस उष्माप्रथिने असे म्हणता येईल.

त्यांचा शोध काहीसा योगायोगाने लागला. इटलीतील नेपल्स येथे फेर्रुच्चो रितोस्सा हे शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळ्यांच्या लालाग्रंथींचा अभ्यास करीत होते. प्रयोगशाळेतील कोणीतरी उबवणीपेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोस्सांनी त्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांतील गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे आलेले दिसले. फुगवटा म्हणजे त्या ठिकाणचा जनुक कामास लागल्याची खूण. हा लेख एका नावाजलेल्या नियतकालिकाने नाकारला. तो १९६२ साली दुसरीकडे प्रसिद्ध झाला. त्या जनुकांपासून कोणती प्रथिने बनतात हे १९७४ साली टिसिएर, मिचेल व ट्रेसी यांनी दाखविले. पुढे जिवाणूंपासून माणसापर्यंत आणि गवतापासून वडाच्या झाडापर्यंत हीच यंत्रणा आढळून आली. आगीच्या वेळी वापरावयाचे घागर-दोर प्रत्येक घरात एकाच घडणीचे निघावेत, तशातली ही गोष्ट आहे.

ही यंत्रणा कामास कशी लागते, तेही पाहण्याजोगे आहे. सामान्य स्थितीत काही मदतनीस प्रथिने एका सूचक घटकास धरून बसलेली असतात. उष्णतेने इतर प्रथिने बिघडू लागली की मदतनीस तिकडे धावतात व सूचक घटक मोकळा होतो. तो जनुकांपाशी जाऊन अधिक मदतनीस तयार करण्याची आज्ञा देतो. हे काही मिनिटांतच सुरू होते. पुरेसा साठा मात्र तासा-दोन तासांनी तयार होतो. बिघाड आटोक्यात आला की रिकामे झालेले मदतनीस पुन्हा त्या घटकास धरतात आणि नवी निर्मिती थांबते.

या अवधीत पेशी इतर प्रथिनांची निर्मिती बरीचशी बाजूस ठेवते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. घराला आग लागली असता पेरणीस कोणी जात नाही. म्हणून सततच्या उष्णतेने झाडाची वाढ खुंटते. ताण ही फुकटची वस्तू नव्हे. त्याची किंमत वाढीच्या रूपाने मोजावी लागते.

सोयाबीनच्या रोपांवरील प्रयोग

मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकऱ्यांच्या ओळखीच्या सोयाबीन पिकावरच या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग झाला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात जो की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत तो केला. २८ अंश सेंटिग्रेड तापमानात उगवलेली कोवळी रोपे एकदम ४५ अंशांत दोन तास ठेवली असता मरत. परंतु तीच रोपे आधी ४० अंशांत दोन तास ठेवून मग ४५ अंशांत नेली असता जगत. ४० अंशांच्या त्या दोन तासांत रोपांनी उष्माप्रथिनांचा साठा करून ठेवला होता.

याहून बोधप्रद भाग पुढे आहे. रोपांना ४५ अंशांचा फक्त १० मिनिटांचा झटका देऊन पुन्हा २८ अंशांत दोन तास विसावा दिला, तरीही पुढे ती ४५ अंशांत टिकली. म्हणजे ताण तीव्र असला तरी तो अल्पकाळ असावा आणि त्यानंतर सावरण्यास सवड मिळावी. विसाव्याशिवाय ताण म्हणजे नुसते भाजणे होय.

ही सहनशक्ती कायमची नसते. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत ती टिकते व थंडाव्यात ओसरून जाते. गेल्या महिन्यात उन्हाचा चटका लागला होता म्हणून आज रोप बळकट आहे, असे समजू नये.

रोपे व उभी पिके

टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे लागवडीपूर्वी सात ते दहा दिवस कणखर करावीत. पाणी एकदम तोडू नये, दोन पाळ्यांतील अंतर वाढवीत न्यावे. शेडनेट आधी सकाळच्या वेळी, मग तिसऱ्या प्रहरानंतर आणि अखेरचे दोन-तीन दिवस पूर्णपणे काढावे. लागवड संध्याकाळी करावी व लगेच पाणी द्यावे. या काळात रोपात केवळ उष्माप्रथिनेच वाढतात असे नाही. पानांवरील मेणचट थर जाड होतो, खोड कठीण होते व अन्नसाठा वाढतो.

याचा अतिरेक करू नये. फुलकोबीचे रोप वाफ्यात फार दिवस अडवून व ताणून धरले तर शेतात लावल्यावर त्यास बटणाएवढा गड्डा धरतो आणि हंगाम वाया जातो. रोप कणखर करणे व रोप उपाशी ठेवणे यांत भेद आहे.

आता जेथे हा उपाय चालत नाही ते स्थळ सांगितले पाहिजे, कारण नुकसान बहुधा तेथेच होते. झाडाची पाने उष्माप्रथिने झपाट्याने तयार करतात; परंतु मक्यासारख्या पिकांत पक्व परागकणांना ते नीटसे साधत नाही असे आढळून आले आहे. झाड हिरवेगार दिसते, मात्र पराग निकामी होतो. टोमॅटोत दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या व रात्रीचे २१ अंशांच्या वर राहू लागले की फुले गळतात व फळधारणा घटते, त्याचे एक कारण हेच. शेतकरी खत वाढवितो, औषध फवारतो, पण फुलगळ थांबत नाही. येथे सराव उपयोगाचा नाही. फुलोरा कडक उन्हाळ्यात सापडणार नाही अशा बेताने लागवडीची वेळ साधणे हाच इलाज. गव्हाचेही तसेच आहे. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा मार्चच्या उन्हात भरू लागतो व बारीक राहतो. त्या वेळी हलके पाणी देऊन थोडा बचाव होतो. परंतु १५ डिसेंबरनंतरची पेरणी शक्यतो टाळणे हेच शहाणपणाचे.

उघड्या कोरड्या जमिनीचा पृष्ठभाग भर उन्हाळ्यात ६० अंशांपर्यंत तापू शकतो. एवढ्या उष्णतेपुढे कोवळ्या खोडातील कोणतीही प्रथिने टिकणार नाहीत. रोपाच्या बुडाशी पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे.

कोंबड्यांची पिले

मांसल कोंबड्या सहा आठवड्यांच्या सुमारास विक्रीस येतात आणि नेमक्या त्याच वयात उष्णतेने मोठ्या संख्येने मरतात. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच दिवस वयाच्या पिलांना २४ तास सुमारे ३५ ते ३८ अंश तापमानात ठेवण्यात आले. मोठेपणी उष्णतेची लाट देऊन पाहता त्यांच्यातील मरतूक सराव न दिलेल्या कोंबड्यांपेक्षा कमी आढळली. इस्रायलमध्येही पुढे यावर बरेच काम झाले. विशेष हे की, सराव झालेल्या पक्ष्यांच्या शरीराचे तापमानच कमी चढत असे. त्यामुळे उष्माप्रथिने तयार करण्याची पाळी त्यांच्यावर कमी आली. पहिल्या आठवड्यात पिलाची तापमान सांभाळण्याची यंत्रणा घडत असते, त्या वेळी मिळालेला धडा पुढे उपयोगी पडतो.

तथापि, ज्याच्या शेडमध्ये पिलांच्या उंचीवर भरवशाचा तापमापक नाही, त्याने हा प्रयोग करू नये असे आम्हांस स्पष्टपणे वाटते. दोन-तीन अंशांच्या चुकीने पिले दगावतील. करावयाचा झाल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने व स्वच्छ पाणी अखंड ठेवून करावा. मोठ्या पक्ष्यांसाठी नेहमीचे उपाय अधिक खात्रीचे आहेत : दुपारच्या कडक वेळी खाद्य न देणे, कारण खाद्य पचविताना शरीरात उष्णता निर्माण होते, पाण्याच्या टाक्या सावलीत ठेवणे, बाजूंस ओले गोणपाट सोडणे, मात्र वारा अडणार नाही अशा बेताने.

दुभत्या संकरित गाई थंड प्रदेशातून आणावयाच्या असल्यास त्या हिवाळ्याच्या आरंभी आणाव्यात, म्हणजे उन्हाळा त्यांच्यावर पायरीपायरीने येतो. एप्रिलमध्ये आणलेल्या गाईस ती संधी मिळत नाही. म्हशीस घाम कमी येतो व तिची कातडी काळी असते. तिला सरावाहून सावली व डुंबण्यास पाणी यांचीच गरज अधिक.

शेतमजूर

माणसाचे शरीर उष्णतेस सरावण्यास ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच कामास हृदयाचे ठोके कमी पडतात. पेशींतील उष्माप्रथिनांचा साठाही वाढतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल व तप्त खाणींत नवे मजूर उष्माघाताने मरत, तेव्हा त्यांना काही दिवस क्रमाक्रमाने काम वाढवून देण्याची पद्धत तेथे गेल्या शतकातच सुरू करावी लागली. आज औद्योगिक आरोग्याचे तज्ज्ञ असे सांगतात की, उष्ण जागी नव्याने कामास आलेल्या माणसास पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचवा हिस्साच उन्हात काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवीत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावे.

ही रीत आपल्याकडे सहज पाळता येईल. जो मजूर आजारातून उठला आहे, आठवडाभर गैरहजर होता किंवा थंड गावाहून आला आहे, तो नवाच समजावा; कारण उन्हाचा संबंध सुटताच हा सराव आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरू लागतो. रोजंदारी पूर्ण देऊन पहिले काही दिवस काम सकाळच्या थंड वेळी घेतल्यास मालकाचे नुकसान फारसे होत नाही.

सरावाच्या नावाखाली पाणी तोडणे ही भलतीच समजूत काही ठिकाणी आढळते. तहान सोसण्याचा सराव होत नाही. पाणी कमी पडले की घाम आटतो आणि सरावलेले शरीरही तापते. ताप, जुलाब किंवा दारूचा अंमल असलेल्या माणसास उन्हात कामास लावू नये. वृद्ध व तान्ही बालके यांना ‘उन्हाची सवय’ लावण्याचा विचारही करू नये.

काम करता करता कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला आणि अंग अतिशय तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी घाम येत असला तरी फसू नये. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले म्हणजे पाठराखीण प्रथिनांची शक्ती अपुरी पडू लागते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते. माणसास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, मिळेल त्या थंड पाण्याने सर्वांग भिजवून सतत वारा घालावा. विहिरीची मोटर चालू असेल तर पाण्याच्या धारेखालीच, डोके व तोंड सांभाळून, धरावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. अंग थंड करण्याचे काम चालू ठेवूनच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.