दीर्घ आजार, परिचारिका आणि रोग्याचा निर्णय

हिवताप उतरला की रोगी मोकळा होतो. मधुमेहाचे तसे नाही. तो एकदा घरात आला की जन्माचा सोबती. महिन्यातून एखादा दिवस दवाखान्यात जातो. उरलेले २९ दिवस काय खावे, गोळी केव्हा घ्यावी, हे रोग्यालाच ठरवावे लागते. म्हणून अशा आजारात परिचारिकेचे काम पुष्कळसे आमच्याच पेशाचे, म्हणजे शिकविण्याचे होऊन बसते.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले. परंतु औषध हाती आले तरी ते वापरण्याचे ज्ञान रोग्याला हवे, हे बोस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी ओळखले व ते शिकविण्यासाठी परिचारिका तयार केल्या. रोग्याला लवकरात लवकर स्वावलंबी करणे हे परिचर्येचेच अंग आहे, असे पुढे व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने मांडले.

आमच्या खालांना मधुमेह आहे. एका वर्षी दवाखान्यातील परिचारिकेने 'रोजे धरायचे नाहीत' असे बजावले. खालांनी मान डोलावली आणि रोजे लपून धरले. (वर्गात 'समजले का?' विचारताच साऱ्या माना डोलतात, हे आम्हांस नवे नाही.) सहेरीला गोळी नेहमीसारखीच घेतलेली, दुपारी घाम सुटून, हातपाय कापून त्या चुलीपाशीच कोसळल्या. शुद्धीवर आल्यावरही 'जेवले होते' म्हणाल्या!

पुढच्या वर्षी दुसऱ्या सिस्टर होत्या. रमजानच्या महिनाभर आधीच त्यांनी विचारले, "खाला, यंदा मनात काय आहे?" खालांनी खरे सांगितले. मोकळीक म्हणजे रोग्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. रोजे न धरलेले बरे, आजाऱ्याला सूट आहे, हे सिस्टरांनी स्पष्ट सांगितले. पण खालांचा निश्चय पाहून डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलून घेतल्या. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजण्यास शिकविले, आणि ते खालांकडून तीनदा करवून घेतले. आकडा ७० च्या खाली आला की रोजा तत्काळ सोडायचा, हे मात्र पक्के ठरले.

अकराव्या रोज्याला, अस्राच्या सुमारास आकडा ६६ आला. घरात दुसरे कोणी नव्हते. खालांनी स्वतः उठून साखरेचे पाणी केले, घेतले, आणि पाव तासाने पुन्हा बोट टोचून पाहिले.